हळू आवाजात एक बाजू गप्प होते, आवाज वाढवला की परत येते: जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा पावसाळी दोष

लक्षण आधी नेमकं सांगतो, म्हणजे तुमच्याकडचा त्रास हाच की दुसरा ते लगेच कळेल. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर दोन्ही स्पीकर वाजतात. रात्री घरातले झोपले म्हणून आवाज कमी केला की थोड्या वेळाने एक बाजू आधी घोगरी, फाटकी होते आणि मग हळूच बसते. पूर्ण बंद होतेच असं नाही, लांबून रेडिओ लागल्यासारखी बारीक कुजबुज चालू राहते. व्हॉल्यूम जोरात फिरवला की ‘फट्’ असा आवाज होऊन ती बाजू परत येते, आणि आता खाली केला तरी नीट वाजत राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उन्हाळ्यात हा त्रास जवळजवळ नसतो. जूनमध्ये गगनबावड्याकडून ढग यायला लागले की सुरू होतो आणि नवरात्रापर्यंत पाठ सोडत नाही.

बऱ्याच वर्षांनी या नादाकडे परत वळलेल्या माणसांना हा दोष हमखास भेटतो. तरुणपणी पैसे साठवून घेतलेला संच मधली वर्षं माळ्यावर असतो. नोकरी, घराचे हप्ते, मुलांची शिक्षणं यांत तबकड्या मागे पडतात आणि गाणं फोनवर येऊन बसतं. मग एखाद्या दिवशी वाटतं, आता वेळ आहे, पुन्हा नीट ऐकूया. माझंही असंच झालं. संच खाली काढला, पुसला, लावला, आणि पहिल्या पावसाळ्यात उजवी बाजू जायला लागली. तेव्हापासून या एका दोषामागे मी बराच लागलो, आणि ओळखीतल्या चार घरांमधल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तो पाहिला. सगळीकडे मूळ एकाच जातीचं निघालं. कुठलाही भाग ‘उडालेला’ नव्हता. दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे काळा थर बसलेला होता.

दुकानात नेल्यावर नीट का वाजतो

हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पैसे इथेच वाया जातात. आमच्या गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे मी अ‍ॅम्प्लिफायर रिक्षातून घेऊन गेलो. त्याने टेबलावर लावला, गाणं सोडलं, दुकानाबाहेर ऐकू जाईल इतका आवाज केला आणि म्हणाला, “काका, काय बी झालेलं न्हाई ओ ह्याला. मस्त वाजतंय.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या टेबलावर खरंच मस्त वाजत होतं.

चांदीचा किंवा कथलाचा मुलामा असलेल्या संपर्कावर, म्हणजे कॉन्टॅक्टवर, दमट हवेत ऑक्साइडचा किंवा सल्फाइडचा पातळ थर चढतो. हा थर वीज नीट जाऊ देत नाही, पण त्याची ताकद फार नसते. पुरेसा दाब, म्हणजे व्होल्टेज, आला की तो जागच्या जागी फुटतो आणि वीज जायला लागते. आता आकडे बघा. रात्री हळू ऐकताना ८ ओहमच्या स्पीकरला ०.०१ वॅट मिळाला तरी पुष्कळ होतो. एवढ्याला लागतो पाव व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाब. दुकानातल्या जोरदार आवाजाला १० वॅट धरले तर तिथे ९ व्होल्टच्या आसपास होतात. पाव व्होल्टला अडवणारा थर ९ व्होल्टला अडवू शकत नाही. शिवाय रिक्षात बसलेले हादरे, बंद करून सुरू करणं, बटणं दाबून बघणं, या सगळ्याने संपर्क थोडे घासले जातात. म्हणजे दोष दुकानात पोचायच्या आधीच निम्मा गेलेला असतो आणि टेबलावर उरलेला जातो.

मग दुरुस्तीवाला काहीतरी करायचं म्हणून आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलतो, आठ-पंधरा दिवस बरं चालतं, आणि तेच पुन्हा सुरू होतं. ट्रान्झिस्टर गेला तर तो असा हळू आवाजात जाऊन मोठ्या आवाजात परत येत नाही. बहुतेक वेळा गेला की गेलाच, आणि जाताना फ्यूज किंवा स्पीकरही घेऊन जातो. आवाज वाढवल्यावर परत येणारा दोष संपर्काचा असतो, हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा.

याच्या उलट लक्षण असेल, म्हणजे गार असताना नीट वाजतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने तापल्यावर एक बाजू जाते, तर रोख दुसरीकडे आहे. तिथे डाखाचा, म्हणजे सोल्डरचा, दोष असण्याची शक्यता जास्त. त्याकडे खाली येतो.

दोष हजर असतानाच शोधायचा

या दोषाची सगळ्यात छळणारी खोड ही की हात लावला की तो पळतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. ज्याने कमीत कमी धक्का बसतो ते आधी. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून सुरू करणं सगळ्यात शेवटी, कारण त्याने आतला रिले, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारा खटका, सुटून पुन्हा बसतो आणि पुरावा पुसला जातो.

ऐकायला एखादी मोनो तबकडी किंवा मोनो ध्वनिमुद्रण लावा. स्टिरिओ तबकड्या जगाच्या बाजारात १९५८ साली आल्या. त्याआधीचं सगळं मोनो, आणि आपल्याकडे नंतरही बरंच मोनोच. मोनोत दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो, त्यामुळे दोघांच्या बरोबर मध्ये बसलात तर गाणं मधोमध, हवेत एका जागी उभं राहतं. मी केसरबाई केरकरांची जुनी मुद्रणं लावतो. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला याची वेगळी ओढ आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, या गावात राहिलेले, आणि केसरबाई त्यांच्या शिष्या. त्या गायकीतला आकार, म्हणजे ‘आ’ लावून गायलेला स्वर, भरलेला आणि एकसंध असतो, स्वर मध्येच तुटत नाही, म्हणून तो जागेवरून हलला की लगेच जाणवतं. उजवी बाजू अजून बसलेली नसते, फक्त जरा कमी झालेली असते, तेव्हाच आवाज मधून डावीकडे वीतभर सरकतो. कुठलाही मीटर न लावता दोष सुरू झाल्याचा क्षण असा पकडता येतो. गजबजलेल्या स्टिरिओ गाण्यात हे पाच-दहा मिनिटं लक्षातच येत नाही.

आवाज सरकला, की खुर्चीतून उठा पण व्हॉल्यूमला हात लावू नका. आधी अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते अलगद दाबा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर दोष त्या बटणाच्या अलीकडे आहे, म्हणजे तबकडीयंत्र, केबल, मागची पिन, किंवा कुठला स्रोत हवा ते निवडणारा सिलेक्टर. मोनो दाबूनही एकच बाजू वाजत राहिली तर दोष बटणाच्या पलीकडे, स्पीकरच्या दिशेला. एका बटणाने अर्धा अ‍ॅम्प्लिफायर संशयातून सुटतो.

मग हेडफोन. सॉकेटमध्ये घालताना आवाज कमीच ठेवा. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेडफोनचा आवाज स्पीकरची कुठली जोडी वाजवायची ते निवडणाऱ्या ए-बी बटणाच्या आधीच काढून घेतलेला असतो. हेडफोनवर दोन्ही कान सारखे आणि स्पीकरवर मात्र एक बाजू गप्प, असं असेल तर ते ए-बी बटण, मागचे स्पीकरचे खटके किंवा स्पीकरची वायर तपासायची. हेडफोनवरही तीच बाजू गेलेली असेल तर मागे सरका, रिलेकडे किंवा त्याच्याही आधी. आणखी एक गोष्ट. लहान संचांमध्ये हेडफोन घातला की स्पीकर बंद करणारी पत्तीची जोडणी त्या सॉकेटच्या आतच असते. हेडफोन घालून काढल्यावर गेलेली बाजू परत आली, तर बहुधा ती पत्तीच काळी पडली आहे.

यानंतर व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणून, अ‍ॅम्प्लिफायर सुरूच ठेवून, मागच्या डाव्या-उजव्या इनपुट पिना एकमेकींच्या जागी लावा. आवाज पुन्हा तेवढाच हळू करा. गप्प बाजू बदलली तर दोष स्रोतात किंवा केबलमध्ये. बदलली नाही तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा पुढे. पीन नुसती फिरवताना आवाज आला तर उत्तर तिथेच मिळालं.

स्पीकरच्या वायरींची अदलाबदल मात्र अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, प्लग काढूनच. सुरू असताना दोन तारा एकमेकींना टेकल्या तर आउटपुट स्टेज जागेवर जळू शकते. आणि बंद केल्यावर पुरावा जातो हे लक्षात ठेवून, पुन्हा सुरू केल्यावर दोष येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. एखादी संध्याकाळ यात जाते. जाऊ द्यावी, गाणं तर चालूच असतं.

सापडला की काय करायचं

झाकण काढण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, जुन्या घरांमध्ये फेज आणि न्यूट्रलची जागा उलटी असू शकते. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यांमध्ये, चार्ज राहतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्यांच्या दोन टोकांवर मोजा, एक-दोन व्होल्टच्या खाली येईपर्यंत आत बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ‘शॉट’ मारण्याची पद्धत अनेक जण वापरतात. कपॅसिटरलाही ती वाईट आणि डोळ्यांनाही.

सिलेक्टर, टेप मॉनिटर, ए-बी बटण आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा फिरणारा भाग) यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, तोच घ्या. बिजागऱ्यांवर आणि सायकलच्या चेनवर मारायचा तेलकट स्प्रे नको. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसते आणि चिखल होतो. स्प्रेची बारीक नळी बटणाच्या मागच्या फटीत घालून थोडासाच फवारा मारायचा, आणि लगेच ते बटण किंवा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा चालवायचं. साफसफाई त्या घासण्याने होते, औषध फक्त सुटलेला मळ वाहून नेतं. पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका. टेप मॉनिटरचं बटण विसरू नका. आता कोणाकडे टेप डेक नाही म्हणून वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावत नाही, पण गाणं बऱ्याच जुन्या संचांत त्याच्यातूनच पुढे जातं. मला भेटलेल्या दोषांपैकी एक फक्त या बटणाचा होता. ते चालवून साफ केल्यावर परत आला नाही.

काही जपानी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ जोडणारे धातूचे आखूड आकडे असतात. ते ओढून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, परत घाला. पाच मिनिटांचं काम आहे आणि कितीतरी संच यातच बरे होतात.

स्पीकरच्या वायरीचं टोक काळं किंवा हिरवट झालं असेल तर घासत बसू नका. तेवढा तुकडा कापून टाका, नवीन तांबं उघडं करा आणि वायरमन वापरतात ते थिंबल दाबून बसवा. उघडं तांबं या हवेत एका पावसाळ्यात पुन्हा काळं होतं.

आता रिले, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण सुरुवातीला दिलेलं लक्षण तंतोतंत जुळत असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार हाच. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो रिलेचा. सुरुवातीचा धक्का स्पीकरला बसू नये आणि आतून डीसी आला तर स्पीकर तोडून वेगळे व्हावेत, यासाठी तो असतो. स्पीकरला जाणारा सगळा आवाज त्याच्या दोन जोड संपर्कांमधून जातो. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा रिले डाख काढून बाहेर घेतला आणि त्याचं पारदर्शक टोपण काढलं. घड्याळजी लावतात त्या भिंगातून पाहिल्यावर डाव्या बाजूचा संपर्क राखाडी, मधोमध चकाकणारा दिसला. उजव्या बाजूचा संपर्क कडेपासून मध्यापर्यंत काजळ धरल्यासारखा काळा, आणि त्या काळ्यात टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन उजळ ठिपके. आवाज वाढवल्यावर थर जिथे जिथे फुटत होता, त्या त्या जागा. रात्री हळू चाललेलं सगळं गाणं त्या ठिपक्यांमधून यायचा प्रयत्न करत होतं.

हा संपर्क पॉलिशपेपरने घासू नका. वरचा चांगला धातू पातळ असतो, तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट वेगाने काळं होतं. तात्पुरतं करायचं असेल तर जाड कोऱ्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून संपर्कांच्या मध्ये धरा, बोटाने हलकं दाबून ओढून काढा, पट्टी काळी यायची थांबेपर्यंत. एखादा मोसम निघतो. कायमचा उपाय म्हणजे नवीन रिले, आणि तो अ‍ॅम्प्लिफायरमधल्या स्वस्त भागांपैकी एक आहे. घेताना तीन गोष्टी जुळवा. कॉइलचा व्होल्ट, जो रिलेच्या पाठीवर छापलेला असतो, बहुधा २४ व्होल्ट डीसी पण १२ किंवा ४८ही असू शकतो. संपर्कांच्या दोन स्वतंत्र जोड्या. आणि पायांची मांडणी, ती बोर्डवरच्या भोकांत बसली पाहिजे. जुना रिले हातात घेऊनच दुकानात जा. आणि हवा आत न जाणारा, बंद प्रकारचा रिले मिळाला तर तोच घ्या. नुसतं प्लास्टिकचं टोपण असलेल्यात दमट हवा शिरतेच.

रिले काढून दोन बाजू थेट तारेने जोडून देणारे कारागीर आहेत. ‘काय गरज नाही त्याची’ असं सांगतात. ऐकू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर कधी शॉर्ट झाला तर पुरवठ्याचा पूर्ण डीसी व्होल्ट सरळ वूफरवर जाईल आणि व्हॉइस कॉइल जळेल. जुन्या स्पीकरचा वूफर तसाच्या तसा मिळणं आता अवघड आहे.

तापल्यावर जाणारी बाजू

इथे भिंग आणि टॉर्च लागते. बोर्ड उलटा करून जड किंवा गरम होणाऱ्या भागांचे पाय बघा. रिले, स्पीकरचे खटके, मोठे रेझिस्टर, हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर. पायाभोवती डाखात बारीक गोल चीर दिसली की तिथला डाख सुटला आहे. तापल्यावर धातू पसरतो, चीर उघडते, बाजू जाते. जुना डाख पंपाने ओढून काढून नवीन घालायचा, जुन्यावरच नवीन थापायचा नाही. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे काम जाणत्याकडे द्या, पण चीर कुठे आहे ते खुणेच्या पेनने दाखवून द्या.

घूं आवाज येत असेल तर

हा वेगळा त्रास, पण नादाकडे परतलेल्यांना पहिल्या आठवड्यातच भेटतो म्हणून थोडक्यात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं तितकीच राहिली तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पुरवठ्यातले कपॅसिटर सुकलेले असू शकतात, तो आवाज १०० हर्ट्झचा, जरा खरखरीत असतो. व्हॉल्यूमबरोबर वाढली तर ती बाहेरून येते आहे. एकेक इनपुट काढून बघा. टीव्ही जोडलेला असेल तर आधी टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर काढा. तिची जाळी बाहेर कुठेतरी अर्थ झालेली असते, घरातला अर्थिंग वेगळा, आणि या दोन अर्थमधून ५० हर्ट्झचा प्रवाह तुमच्या गाण्याच्या केबलमधून फिरतो. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने घेतला की तो रस्ताच तुटतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कापणं हा उपाय नव्हे. तीच पिन तुम्हाला शॉकपासून वाचवते.

तबकडीयंत्रावर घूं जास्त का ऐकू येते, याला कारण आहे. सुईकडून येणारा संदेश जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा. शिवाय तबकडीत खर्ज मुद्दाम कमी करून कोरलेला असतो आणि वाजवताना तो परत वाढवावा लागतो. ५० हर्ट्झला ही वाढ १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट. वाटेत घुसलेली घूंही तितकीच फुगते. म्हणून तबकडीयंत्राची वेगळी बारीक अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला घट्ट लावा आणि यंत्र ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा.

पेठेतल्या जुन्या घरांमध्ये अजून दोन पिनांचे सॉकेट दिसतात, किंवा तीन पिना आहेत पण अर्थची वायर भिंतीत कुठेच जात नाही. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्ट मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर आधी घराचं अर्थिंग, मग गाणं. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असेल तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा दोष नाही, स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. तेवढा वेळ बंद ठेवा.

परत येऊ नये म्हणून

संपर्क साफ केला, रिले बदलला, तरी हवा तीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, तबकड्यांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. अ‍ॅम्प्लिफायर त्याच खोलीत असतो. बाहेरच्या भिंतीपासून तो हातभर लांब ठेवा. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती कापड पुरे. रबरबँड आणि रबराचे तुकडे जवळ ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. ज्या कपाटात दार बंद करून संच ठेवता तिथे जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब, कागद आणि कापडापासून दूर, लावून ठेवला तर आतली हवा बरीच कोरडी राहते. एलईडीचा झिरो चालणार नाही, त्याला ऊबच नसते.

आणि वाजवत राहा. पावसाळ्यात दर एक-दोन दिवसांनी तासभर संच चालू असला तर आतली ऊब ओल बाहेर काढते, रिले टेकतो-सुटतो, संपर्क घासले जातात. आठवड्यातून एकदा सगळी बटणं आणि नॉब, न लागणारेसुद्धा, दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. वापरातला संच आणि झाकून ठेवलेला संच यांच्या संपर्कांत एका मोसमात पडणारा फरक मी उघडून पाहिला आहे.

अजून माळ्यावरच असलेल्यांसाठी

संच अजून उतरवलाच नसेल तर खाली आणून थेट प्लगमध्ये घालू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कपॅसिटरना एकदम पूर्ण व्होल्टचा झटका सोसत नाही. वायरमनकडून सिरीज बल्बचा बोर्ड, म्हणजे वीज आधी बल्बमधून आणि मग अ‍ॅम्प्लिफायरला जाईल असा, करून घ्या, त्यात ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब. त्यातून अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. लखलखीतच राहिला तर लगेच बंद करा आणि दुरुस्तीला द्या. मंद झाला तर स्पीकर न जोडता काही तास तसाच ठेवा, मग सरळ जोडा. स्पीकरच्या वूफरची फोमची कडा बोटाने हलकेच दाबून पाहा. भुगा पडत असेल तर वाजवू नका, आधी कडा बदलून घ्या. आपल्या हवेत फोम टिकत नाही, रबराची कडा बरीच वर्षं जाते.

दुरुस्तीला देताना

हे सगळं करून दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आहे असं ठरलं आणि उघडायचा धीर नसेल, तर नुसतं ‘एक साइड जाते’ असं सांगून देऊ नका. एका कागदावर लिहून झाकणाला चिकटवा: कुठली बाजू, हळू आवाजात की मोठ्या, गार असताना की तापल्यावर, हेडफोनवरही जाते का, मोनोचं बटण दाबल्यावर काय होतं, इनपुट पिना बदलल्यावर बाजू बदलली का. चांगला कारागीर हे वाचून सरळ त्या जागी जातो. आणि त्याला विनंती करा की तपासताना आवाज बोलण्याच्याही खाली ठेवून एक-दोन दिवस चालू ठेवावा. मी असं लिहून दिल्यावर ज्याने माझा रिले बदलला, त्याने पहिल्यांदाच आवाज कमी करून कान लावला आणि म्हणाला, “हां, गेली बघा आत्ता उजवी.”

बदललेला भाग परत मागून घ्या. आणि दुरुस्ती झाली की नाही हे दुकानात ठरवू नका. घरी आणून मोनो तबकडी लावा, रात्रीच्या आवाजात ऐका, आणि गणपतीपर्यंत आवाज मधून हलला नाही तरच पक्कं समजा.